ड्रमाच्या पोटातली गोधडी

आमच्या गायन पार्टीचा मोठा ड्रम आम्ही वर्षातनं एकदा उघडायचो, जयंती जवळ आली की. पुढच्या पानाला, म्हणजे तोंडावर ताणलेल्या पडद्याला, माईकसाठी भोक पाडल्यापासनं त्याच्या पोटात काय काय जाऊन बसायचं, राव! शेंगांची टरफलं. लग्नात उधळलेल्या पाकळ्या. अर्धी ओढलेली बिडी. एकदा तर मोटारसायकलची किल्ली निघाली, ती कुठल्या गावच्या पावण्याची ते आजवर कळलं नाही. मुद्दाम कुणी काही टाकत नाही. भोक दिसलं की वस्तू आपापली आत जाते.

किश्श्यांचंही तसंच. ठरवून कुणी साठवत नाही. एक दिवस पोट उघडावं तर आत हा ढीग!

लोक मला बसवून घेतात, म्हणतात, "कोरसवाले, ड्रमाचं सांगा." मी सांगतो. ते हसतात, मीही हसतो. पण हसून झालं की माझी मान खाली जाते. कारण ह्याच ड्रमापायी आमच्या सुदामाची बायको आळ्याला माहेरी जाऊन बसली होती, आणि ती परत येते का नाही ह्या घोरात आमची अख्खी पार्टी होती.

सुदाम माझा धाकटा चुलत भाऊ. ड्रम तो वाजवायचा. वसंता गायचा. मी कोरसला, म्हणजे वसंतानं ओळ म्हटली की तीच ओळ मागनं म्हणणारा. सुदामाचे वडील तात्या, ते पार्टीचे मालक म्हणा, अध्यक्ष म्हणा. शाळेची पायरी मी आयुष्यात चढलो ती गॅदरिंगला ड्रम उचलून न्यायला, तेव्हा माझ्या सांगण्यात पुढंमागं झालं तर सांभाळून घ्या.

*

ड्रमसेट आला तो पुण्याच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडनं. टेम्पोतनं तो मोठा ड्रम उतरवला तर वस्तीतली बायामाणसं म्हणाली, "आता गं बया, ही तर कणगीच!"

तात्या ओट्यावर बसले होते. आता तात्यांचं सांगायचं तर, धम्माची दीक्षा घेतली त्या साली ह्या माणसानं घरातली हलगी घोड नदीत सोडून दिली होती. आज्ज्याच्या हातची हलगी. गावानं हाक मारली की दारात जाऊन वाजवायची, ते सगळं त्या दिवशी पाण्यात गेलं. तेव्हापासनं आमच्या घरात पेटी आली, टाळ आले, पण चामड्याचं वाद्य आलं नाही. ढोलकी लागली तर बाहेरचा ढोलकीवाला यायचा.

तात्या उठले. ड्रमाभोवती एक चक्कर मारली. मग पानावर नख ओढलं.

"सुदाम्या, चामडं हाय का?"

"न्हाई तात्या, प्लास्टिक हाय."

तात्यांनी वाकून वास घेतला. पुन्हा नख ओढलं.

"मंग वाजव," तात्या म्हणाले. "प्लास्टिकला जात नसती!"

*

पण वाजवला तर ऐकू यायला पाहिजे ना!

डिंभ्याला जयंतीचा कार्यक्रम होता. धरणाच्या पाण्यावरनं वारा यायचा आणि स्टेजच्या मागं जनरेटर ठेवलेला. वसंताला माईक, पेटीला माईक, ड्रमाला काहीच नाही. आम्हाला वाटलं, एवढं मोठं धूड, त्याला माईक कशाला? सुदाम मात्र जीव तोडून वाजवत होता. मोठा ड्रम पायानं वाजतो. खाली पेडल असतं, पाय दाबला की गोळा जाऊन पानावर बसतो. सुदामाचा शर्ट घामानं भिजला. पुढच्या रांगेच्या पलीकडं नुसता जनरेटर ऐकू येत होता.

कार्यक्रम झाल्यावर एक म्हातारबाबा माझ्याजवळ आले. माझा हात धरून बाजूला नेलं.

"पावणं, त्या मधी बसलेल्या पोराला कवापासनं हाय?"

"काय कवापासनं?"

"पायाला वं. सारखं झटकं येत व्हतं बिचाऱ्याला." आणि मायेनं म्हणाले, "आमच्याकडं वरच्या वाडीला एक जण पाला देतो. घिऊन या."

सुदाम मागंच उभा होता. परत येताना टेम्पोत त्यानं सगळा रस्ता उजवा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

*

मग आम्ही साऊंडवाला धरला. मुनीरभाई. शांत माणूस, पान खायचा, आणि अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायचा. त्यानं पहिल्यांदा ड्रमाच्या पुढं खाली एक माईक ठेवून बघितला.

निमगाव सावाला दुपारचं लग्न. भन्तेजी आले, स्टेजवर बसले, नवरा-नवरी हात जोडून उभे. आम्ही मागच्या बाजूला गप्प. भन्तेजींचा आवाज खर्जातला, भारदस्त. त्यांनी माईकवर पंचशीलाची पहिली ओळ म्हटली.

मागनं ड्रम म्हणाला, "घूंऽऽऽ."

कुणी हात लावला नव्हता. सुदाम तर खाली उतरून उभा होता. भन्तेजी थांबले, ड्रम थांबला. भन्तेजींनी पुढची ओळ घेतली, ड्रमानंही घेतली! "घूंऽऽऽ!" मुनीरभाई नेमका जेवायला गेलेला. कुठलं बटन दाबायचं ते आमच्यातल्या एकाला ठाऊक असेल तर शपथ. मी जाऊन ड्रमाला मिठी मारली, तरी तो पोटातल्या पोटात घुमतच राहिला. माझ्या छातीला गुदगुल्या व्हायला लागल्या. सगळा मांडव नवरा-नवरी सोडून माझ्याकडं बघतोय. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

भन्तेजींनी मागं वळून बघितलं. रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "असू द्या. त्यालाही शील घ्यायचं असेल. घेऊ द्या."

*

मुनीरभाई जेवून आला तेव्हा आम्ही त्याला घेरलं. त्यानं ड्रमावर टिचकी मारली, कान लावला.

"दादा, इसका पेट बंद है. हवा जायला जागा नाही, म्हणून माईकमधला आवाज आत जाऊन फिरतो. पुढच्या पानाला भोक पाडा, चहाच्या बशीएवढं. मधोमध नको, बाजूला. भोकातनं माईक आत घालू. आणि आत काहीतरी मऊ टाका, म्हणजे घुमणार नाही." एवढं सांगून तो गेला.

भोक पाडायची रीतही त्यानं सांगितली होती. पत्र्याच्या डब्याचं तोंड स्टोव्हवर तापवायचं आणि पानावर टेकवायचं. सुरीनं कापलं तर पान फाटत जातं, तापल्या पत्र्यानं कड वितळून पक्की होते. आम्ही तुपाचा रिकामा डबा आणला.

आता पुढच्या पानावर पेंटरनं मोठ्या अक्षरात तात्यांचं नाव रंगवलेलं होतं. गेनूजी गायन पार्टी. तात्यांनी बजावलं, "नावाला धक्का लागता कामा नये. डाग पडता कामा नये."

"न्हाई पडणार, तात्या," सुदाम म्हणाला. त्यानं काय करावं? अंगणात घरातलं स्वच्छ बारदान अंथरलं. नाव खरचटू नये म्हणून ड्रम नावाच्या बाजूनं अलगद त्याच्यावर पालथा घातला. वसंतानं डबा लाल केला. चर्रर्र! झकास गोल भोक पडलं, बशीएवढं, बाजूला, जसं सांगितलं तसं.

ड्रम उभा केला. आम्ही सगळे खूश. तेवढ्यात तात्या म्हणाले, "आरं, पण सुदाम्या पाय कुठं मारणार?"

भोक पायाच्या पानाला पडलं होतं!

*

तिथं माईक घालायचा म्हणजे सुदामाच्या दोन्ही गुडघ्यांच्या मधी. दुसरं पान आणायला पुण्याला जावं लागायचं आणि कार्यक्रम तोंडावर आलेला. मग आम्ही ड्रमच फिरवला. भोकाची बाजू लोकांकडं, नावाची बाजू सुदामाकडं. वाटलं, झालं काम!

स्टेजवर तात्यांची खुर्ची असायची, सुदामाच्या बाजूला थोडी मागं. पहिलं गाणं सुरू झालं. तात्या एकदा पेडलकडं बघतायत, एकदा पानाकडं. गोळा नेमका 'गेनूजी'वर बसत होता.

गाणं संपल्याबरोबर तात्या सगळ्यांदेखत बोलले, "बाप जित्ता हाय अजून! त्याच्या नावाला लाथा?"

सुदामाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचा बापावर जीव होता हो. त्या दिवसापासनं तो दर गाण्याच्या आधी वाकायचा, पानाला हात लावायचा, हात कपाळाला लावायचा आणि मग पेडलवर पाय ठेवायचा. लोकांना वाटायचं, काय संस्कारी कलावंत! नवीन पान काही आलं नाही. हे वाकणं मात्र राहिलं.

एकदा कुणीतरी तात्यांपाशी त्याची स्तुती केली. तात्या म्हणाले, "आदी पाया पडतो, मंग लाथा घालतो. म्हंजी घरच्यासारखंच वागतो की!"

*

राहिलं आत मऊ काय टाकायचं ते. पहिल्यांदा भुसा टाकला. एका सरपंचाच्या सत्काराला तो भुसा प्रत्येक ठोक्याला भोकातनं फुस्सकन बाहेर यायचा. सरपंच पुढंच बसलेले, पांढऱ्या कपड्यांत. उठले तेव्हा मळणी करून आल्यासारखे दिसत होते.

मग सुदामानं एक दिवस काहीतरी आणलं आणि आत दाबून बसवलं. मुनीरभाईनं माईक त्याच्यावर निजवला. सुदामानं पाय मारला.

"दब्!"

भाऊ, काय आवाज होता तो! घूं नाही, फट नाही. सरळ छातीत येऊन बसायचा. मुनीरभाईनं पान थुंकलं आणि म्हणाला, "अब बोला ड्रम!"

आत काय घातलंय ते कुणी विचारलं नाही. आवाज लागला होता, विचारतंय कोण?

ती गोधडी होती. शकुंतलाची. तिच्या आईनं, हौसाबाईनं, लग्नात रुखवतात दिलेली. वरनं हौसाबाईचं हिरवं लुगडं, काठाला लाल खणाचे तुकडे, आणि खालच्या अंगाला शकुंतलाच्या वारलेल्या बापाचं धोतर. बारीक धावदोरा, बोटभर जागा मोकळी नाही. सुदामानं ती ट्रंकेतनं काढली तेव्हा शकुंतला रानात खुरपायला गेलेली. त्याला वाटलं, उन्हाळ्याचे दिवस, गोधडी कोण शोधतंय?

आमच्याच वस्तीत जयंतीचा कार्यक्रम झाला. शकुंतला बायकांत पुढं बसलेली, नवरा वाजवतोय म्हणून तोंडावर हसू. पहिलं गाणं झालं तोवर ती सुदामाकडं बघत होती. दुसऱ्या गाण्याला भोकाकडं बघायला लागली. भोकातनं लाल काठ जरासा बाहेर आला होता. तिसऱ्या गाण्याला ती पेडलकडं बघत होती, सुदामाचा पाय वर-खाली होतोय तिकडं. हसू कुठं गेलं ते मला दिसलं. मी पुढची ओळ म्हणायला विसरलो.

सकाळी ड्रम समाजमंदिराच्या ओट्यावर होता. शकुंतला आली. भोकात खांद्यापर्यंत हात घातला आणि गोधडी ओढायला लागली. अडलेल्या गाईचं वासरू काढतात तशी थोडी थोडी करत ती गोधडी बाहेर आली. चिकटपट्टीचे तुकडे, टरफलं, भुसा, सगळं तिला लागलेलं. अख्खी वस्ती बघत उभी. सुदाम ओट्याच्या कडेला, हातात ब्रश तसाच, तोंडाला फेस.

ती झटकून तिनं घडी घातली. कुणावर ओरडली नाही. मला म्हणाली, "दादा, हिला पाय लागल्यात. आळ्याला नेते, धुते. वाळली की येते."

आणि गोधडी डोक्यावर घेऊन स्टँडकडं चालू लागली.

*

उन्हाळ्यात गोधडी वाळायला किती वेळ लागतो? आज येईल, उद्या येईल. आठवडा गेला. दुसरा गेला.

बातमी कशी पसरते बघा. मंचरच्या बाजारात आमच्यातला कुणी दिसला की भाजीवाला विचारायचा, "काय, वाळली का?" एका कार्यक्रमात मुनीरभाई "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणाला तर मागनं पोरं ओरडली, "वाळली काऽऽ?" सुदामानं चहाच्या टपरीवर जायचं सोडलं. घरी स्वतः चुलीपाशी बसून भाकरी थापायचा. ती भाकरी कशी असायची ते सांगत नाही, पण तात्या म्हणायचे, "हिला पान म्हणून बसवा ड्रमाला."

हसायचो आम्ही. पण तिन्हीसांजेला तो दारात बसलेला दिसला की वसंतासुद्धा दुसऱ्या रस्त्यानं जायचा.

*

शेवटी तात्या आणि मी आळ्याला गेलो. हौसाबाईच्या अंगणात शिरलो तर तारेवर गोधडीच! ऊन असं की पायाखाली माती पोळतेय. तात्यांनी काठ चाचपला. पापडासारखा कडक.

"विहीणबाई, वाळली की हो!" तात्या खुशीत म्हणाले.

हौसाबाई दारातनं म्हणाली, "वरनं वाळलीय. आतनं वली हाय."

आम्ही जाऊन घोंगडीवर बसलो. शकुंतलानं पाणी दिलं, चहा दिला, सासऱ्याच्या पाया पडली, आत गेली. मग हौसाबाई पुढं येऊन बसली.

"पावणं, एक इचारू का? मी लेकीला पांघरूण दिलं व्हतं. तुमच्या ढोलाला थंडी वाजत व्हती का?"

मी चहाची बशी परत खाली ठेवली. तात्यांना काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "ढोल न्हाई विहीणबाई, ड्रम हाय."

"बरं, ड्रम. त्या ड्रमावर तुमचं नाव हाय म्हनं. त्याला पाय लागला तवा तुमी भर स्टेजवर बोलला."

"बोललो. मंग? न्हाई बोलणार?"

"बोलायलाच पायजे," हौसाबाई म्हणाली. "माज्या लुगड्याला लागला, माज्या मालकाच्या धोतराला लागला, आन् तुमी शेजारी खुर्चीवर बसून मान डोलवत व्हता."

हलगी नदीत सोडणारा माणूस, गावच्या पाटलाला उत्तर देणारा माणूस, तो त्या अंगणात घोंगडीच्या दशा मोजत बसला. चहावर साय धरली.

निघताना तात्यांनी पुन्हा तारेपाशी थांबून काठाला हात लावला. आतनं शकुंतलाचा आवाज आला, "न्हाई वाळली अजून, तात्या."

फाट्यापर्यंत आम्ही चालत आलो. तात्या एकदाच बोलले. "पोरगी बरोबर बोलली का रं, का तिची आई?"

मी म्हटलं, "दोघी."

*

आणि आता शेवटचं.

बुद्धपौर्णिमेला आळ्याचंच बोलावणं आलं! नाही म्हणावं तर भित्रे, जावं तर कुठल्या तोंडानं? तात्या म्हणाले, "जायचं."

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. तिथल्या मंडळानं आधी सत्कार ठेवला होता. वस्तीचे व्याही, जुने कार्यकर्ते म्हणून तात्यांना पुढं बोलावलं आणि शाल-श्रीफळ दिलं. चांगली जाड, लोकरीची शाल. तात्यांच्या आयुष्यातली पहिली. आयुष्यभर सतरंज्या उचलल्या त्या माणसानं. उकाड्यानं जीव जात होता, पण त्यांनी ती शाल अंगावरनं काढली नाही. खुर्चीवर बसले, नारळ मांडीत, घाम टिपत.

पुढं बायकांत हौसाबाई, तिच्या शेजारी शकुंतला. आमच्यातला एकही जण तिकडं बघेना.

सुदामानं वाकून पानाला हात लावला आणि पाय मारला. "दब्!" तोच आवाज! अगदी गोधडीचा. मला नवल वाटलं. हौसाबाईला संशय आला.

गाणं संपायच्या आत ती उठली, पदर खोचला आणि सरळ स्टेजवर चढली. वसंता गातोय, मी कोरस म्हणतोय आणि ही बाई ड्रमापुढं बसून भोकात हात घालतेय! आतल्या माईकला तिचा हात लागला. स्पीकरमधनं 'खर्रर्र' झालं. आणि तिचं तोंड भोकाशी असल्यानं ती जे बोलली ते माईकमधनं अख्ख्या आळ्यानं ऐकलं:

"आता कुणाची गोधडी आणली रं भाड्या?"

वसंता गायचा थांबला. हौसाबाईनं ओढलं. बाहेर आली ती एक बाही. मग दुसरी. बदामी रंगाचा सफारी!

सुदाम हात जोडून उभा राहिला. "मामी, मी कुणाचं काय घेतलं न्हाई. माजंच हाय. माज्या लग्नातला सफारी. म्हटलं, लाथ बसायची तर माज्याच कपड्याला बसू दे."

हौसाबाईनं सफारी उजेडात धरला. कॉलरच्या आत टेलरची पट्टी बघितली. मग भोकाशी तोंड नेलं. ह्या वेळेला मुद्दाम!

"शके! आगं, हा तर आपुनच जावयाला शिवून दिल्याला सफारी!"

आळं हसलं. लहान पोरं हसली, मंडळाचे लोक हसले, मुनीरभाईसुद्धा पान सांभाळत हसला. सुदामाचा चेहरा बघवेना. त्या गरिबाकडं सासरच्यांनी दिलेलं सोडून घालण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. मी खाली माझ्या टाळांकडं बघत बसलो.

हसणं थांबलं तेव्हा शकुंतला स्टेजवर होती.

तिनं आईच्या हातातनं सफारी घेतला, झटकला, घडी घालून आईच्याच खांद्यावर टाकला. ड्रम आता रिकामा. मुनीरभाई म्हणाला, "ताई, आत काहीतरी पाहिजे. नाहीतर घुमेल."

शकुंतलानं डोक्यावरचा पदर नीट केला आणि तात्यांच्या खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली.

"तात्या, शाल द्या."

तात्यांनी सुनेकडं बघितलं. मग ड्रमाकडं. मग हौसाबाईकडं. नारळ मांडीत तसाच ठेवून त्यांनी शाल अंगावरनं काढली. सावकाश तिची घडी घातली, काठाला काठ लावून. आणि दोन्ही हातांनी सुनेच्या हातात दिली.

तिनं ती भोकातनं आत घातली. आत हात फिरवून नीट पसरली. माईक उचलून तिच्यावर निजवला, मुनीरभाई निजवायचा तसाच. तसंच गुडघ्यावर बसल्या बसल्या, भोकावर वाकलेली असतानाच, ती सुदामाला अगदी हळू आवाजात बोलली. एकट्याला ऐकू जावं असं. पण माईक आत होता. ते तिच्या ध्यानात नव्हतं, का होतं, मला ठाऊक नाही. पार फाट्यापर्यंतच्या कर्ण्यांतनं ते ऐकू आलं:

"गोधडी वाळलीय. बांधून ठिवलीय. टेम्पोत जागा ठेवा."

बायकांत एकच गलका उठला. हौसाबाईनं सफारीत तोंड लपवलं. शकुंतला खाली जाऊन बसली. वसंतानं गळा साफ केला, मी टाळ उचलले. सुदामानं वाकून पानाला हात लावला, कपाळाला लावला, पेडलवर पाय ठेवला आणि पाय उचलला.

मागनं खुर्चीवरनं तात्यांचा आवाज आला, बारीक:

"सुदाम्या... जरा हळू मार."